जळकं वाइंडिंग

बुधवारची गोष्ट. चारचा चहा. हिंजवडीत आमच्या ऑफिसबाहेरच्या टपरीवर आम्ही पाच-सहा जण नेहमीसारखे उभे होतो आणि विषय निघाला डिटॉक्सचा. टीममधली एक जण हल्ली काकडी-पुदिन्याचं पाणी पिते. दुसऱ्याने 'डिजिटल डिटॉक्स' म्हणून इन्स्टाग्राम उडवलंय (आणि ते सगळ्यांना कळावं म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर स्टेटस टाकलंय!). थट्टामस्करी झाली, ग्लास ठेवले, मंडळी वर गेली. एक जण मात्र मागे रेंगाळला. चहा संपला तरी ग्लास हातातच.

"तुझ्या मामांची दारू सुटली ना रे? काय केलंत नक्की?"

मी तोंड उघडायच्या आत त्यानेच आपला प्लॅन सांगून टाकला. बाबांना शुक्रवारी रात्री गावाहून फ्लॅटवर आणायचं. फोन काढून घ्यायचा, पाकीट काढून घ्यायचं, दाराला कुलूप. सोमवारची रजा टाकलेली आहेच. "तीन दिवसांत शरीरातनं निघून जाते म्हणे. एकदा निघाली की झालं ना?"

माझ्या पोटात गोळाच आला. कारण हाच प्लॅन, जवळजवळ याच शब्दांत, मी २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये केला होता. त्याला तिथे उभ्या उभ्या जे सांगितलं तेच आज जरा नीट लिहितोय. मामाला फोन करून विचारलं, लिहू का म्हणून. "लिही की. फक्त माझं नाव नको घालू, गिऱ्हाइकं नसते प्रश्न विचारतात," एवढीच त्याची अट.

तर मामा. मिरजेला त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. उसाचा आणि द्राक्षांचा मुलूख, त्यामुळे विहिरीवरच्या आणि बोअरमधल्या मोटारी जळून सतत दुकानात येत असतात. मे महिन्याच्या सुट्टीत मी तिथेच पडलेला असायचो. तांब्याच्या तारेचं गेज कसं मोजायचं, स्टेटरच्या खाचेत कॉइल कशी बसवायची, हे मला इंजिनियरिंगला जायच्या कितीतरी आधी मामाने शिकवलं. मी इंजिनियर झालो त्याला मामा जबाबदार आहे असं आई म्हणते (कौतुकाने म्हणते की तक्रारीने, ते तिच्या मूडवर आहे). मामा मला अजून "काय इंजिनियर" अशीच हाक मारतो.

मामा कधीपासून प्यायचा ते कुणालाच नीट सांगता येत नाही. आधी शनिवारी, मग रोज रात्री, मग दुपारी. शेवटी शेवटी सकाळी उठल्यावर हात थरथरायचे म्हणून थोडी घेतल्याशिवाय त्याला तारच धरता यायची नाही. मामीने देवाच्या शपथा घालून झाल्या, आजीने उपास करून झाले. आईने कुठल्याशा भिंतीवरची 'रुग्णाच्या नकळत दारू सोडवा' ही जाहिरात वाचून नंबरसुद्धा लिहून आणला होता. त्या नंबरवर फोन केला गेला नाही हे आमचं नशीब. ते का, ते पुढे येईलच.

मग मी मैदानात उतरलो. वय पंचवीस, बँडेड नुकतंच वाढलेलं... मला वाटायचं की प्रश्न नीट मांडला की सुटतो. दारू शरीरात आहे हा प्रॉब्लेम. तीन दिवस आत जाऊ दिली नाही की ती बाहेर पडेल. सिस्टीम रीबूट. इतकं सोपं काम या लोकांना वीस वर्षं का जमलं नाही?

शुक्रवारी संध्याकाळी मित्राची गाडी घेऊन मिरजेहून मामाला आणला. निघायच्या आधी पाचच्या सुमारास तो प्यायला होता, ती शेवटची. शनिवारी सकाळी कप बशीवर खडखडायला लागला. मी चमच्याने चहा पाजला. दुपारी उलट्या, संध्याकाळी अंगाला दरदरून घाम, बनियन पिळून काढावा इतका. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. मामा एकदा म्हणाला, "थोडी दे रे. निम्मा ग्लास. औषध म्हणून दे." मी लिंबू सरबत दिलं आणि आईला फोन करून सांगितलं की विष बाहेर पडतंय, काळजी करू नको. मला मनातनं बरं वाटत होतं. प्रगती दिसत होती!

रविवारी दुपारपासून तो जरा विचित्र बोलायला लागला. रात्री नऊच्या सुमाराला मी खोलीत गेलो तर मामा पलंगावर ताठ बसलेला. डावा हात हवेत धरलेला आणि उजव्या हाताची बोटं त्याच्याभोवती गोल गोल फिरताहेत. पंख्याकडे बघत तो मोजत होता. "एक्क्याऐंशी... ब्याऐंशी... त्र्याऐंशी..." मी विचारलं, मामा काय करतोयस? "तार सुटतीय वरनं. धर की तिकडनं. उद्या सकाळी मोटार द्यायचीय पाटलांना." हवेतली, नसलेली तार गुंडाळून तो कॉइल बनवत होता. मला त्याने ओळखलंच नव्हतं. दुकानातला पोऱ्या समजला होता. अंग तव्यासारखं तापलेलं.

१०८ ला फोन केला. अ‍ॅम्ब्युलन्समध्येही त्याची बोटं थांबली नाहीत.

कॅज्युअल्टीत एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या, माझ्याच वयाच्या असतील. त्यांचा पहिला प्रश्न, "शेवटची कधी घेतली?" मी जवळजवळ अभिमानाने म्हणालो, "शुक्रवारी संध्याकाळी. त्यानंतर आम्ही एक थेंब दिलेला नाही."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "कुणाला विचारून बंद केलीत?"

बस्, एवढंच. रागावल्यासुद्धा नाहीत. पण हा प्रश्न मला अजूनही अधूनमधून ऐकू येतो. जो मनुष्य प्रॉडक्शनवर एक ओळ बदलायची तर तीन जणांचं अप्रूव्हल घेतो, त्याने सख्ख्या मामाच्या मेंदूवर कुणालाही न विचारता थेट प्रयोग केला होता.

त्या रात्री आणि पुढच्या दिवसांत डॉक्टरांकडून जे कळलं ते माझ्या भाषेत सांगतो. आपल्या मेंदूत चेतापेशींना शांत करणारी एक यंत्रणा आहे आणि उत्तेजित करणारी दुसरी. ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर म्हणा. दारू ब्रेक दाबते आणि अ‍ॅक्सिलरेटर सैल करते, म्हणून तर पिणाऱ्याला निवांत वाटतं. पण रोजच दारू यायला लागली की मेंदू गप्प बसत नाही, तोल सांभाळायला तो स्वतःचा ब्रेक ढिला करतो आणि अ‍ॅक्सिलरेटर जोरात दाबून धरतो. वर्षानुवर्षं ही सेटिंग पक्की होत जाते. आता एके दिवशी दारू अचानक काढून घ्या. ब्रेक नाहीच, आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला! काही तासांतच थरथर, घाम, उलट्या. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान काहींना मामासारखं होतं: भास, भ्रम, ताप, वाढलेलं बीपी. त्याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. वेळेवर उपचार झाले नाहीत तर माणूस दगावू शकतो. भासात आपलं रोजचं कामच करत बसणं हेही डॉक्टरांना नवीन नव्हतं.

म्हणजे जे 'विष बाहेर पडतंय' म्हणून मी खूश होतो, ती मेंदूतली आग होती. दारू रक्तातनं शनिवारीच जवळजवळ निघून गेलेली. खरा धोका ती गेल्यावर सुरू झाला.

आमच्या भाषेत सांगायचं तर मी 'किल मायनस नाइन' मारलं होतं. हवा होता शिस्तीतला शटडाउन. डॉक्टरी डिटॉक्स म्हणजे नेमकं तेच. दारूच्या जागी मेंदूच्या त्याच ब्रेकवर काम करणारं औषध मोजून द्यायचं आणि दिवसागणिक कमी करत आणायचं. बऱ्याच ठिकाणी लिब्रियम देतात. मामाचं लिव्हर बिघडलेलं होतं म्हणून त्याला लोराझेपाम दिलं. दर काही तासांनी नर्स येऊन थरथर, घाम, मळमळ, बेचैनी, भास अशा दहा गोष्टींना मार्क द्यायची, जास्तीत जास्त सदुसष्ट, आणि त्यावर डोस ठरायचा. (मार्क जितके कमी तितकं बरं, अशी ही आयुष्यातली एकमेव परीक्षा.) आणि ग्लुकोजची सलाइन लावायच्या आधी बी-वनचं, म्हणजे थायमिनचं इंजेक्शन. खूप वर्षं पिणाऱ्यांच्या शरीरात हे जीवनसत्त्व उरलेलंच नसतं. ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते, आणि मग स्मरणशक्ती कायमची जाण्याची भीती. मी त्याला दोन दिवस काय पाजत होतो? साखर घातलेलं लिंबू सरबत.

चार दिवस आयसीयू, एकूण नऊ दिवस हॉस्पिटल. दहाव्या दिवशी मामा बाहेर आला तो असा दिसत होता की बघत राहावं. दाढी केलेली, डोळे स्वच्छ, हात स्थिर. मला म्हणाला, "काय इंजिनियर, घाबरलास व्हय?" मिरजेला आजीने उंबऱ्यावर दृष्ट काढली, मामीने पुरणपोळ्या केल्या. डिस्चार्जच्या कागदावर खाली एक ओळ होती, 'व्यसनमुक्ती केंद्रात पुढील उपचारांचा सल्ला'. तो कागद आईने जपून फाइलला लावला. आम्हाला वाटलं, उपचार तर झाले! आता केंद्रात कशाला? चारचौघांत नाव खराब.

बरोबर तेविसाव्या दिवशी मामा परत प्यायला.

रात्री साडेदहाला एक शेतकरी जळकी मोटार घेऊन आला. पिकाला पाणी द्यायचं होतं, अडलेला माणूस. मामाने रात्र जागून मोटार बांधून दिली. पहाटे त्या बिचाऱ्याने मजुरीबरोबर नेहमीच्या रिवाजाप्रमाणे एक क्वार्टर काउंटरवर ठेवली. त्यात त्याचा वाईट हेतू काही नव्हता. आठवड्याभरात मामा होता तिथे पोचला.

आम्ही सगळे चिडलो. मी सर्वांत जास्त. इतका खर्च, इतका जिवाचा आटापिटा, आणि हा माणूस एका बाटलीपुढे विरघळतो? मनात कुठेतरी 'याला सुधारायचंच नाही' असं पक्कं होत होतं. मामी फक्त म्हणाली, "कागदावर लिहिलंवतं की डॉक्टरांनी. आपण कुठं केलं ते?" शाळा आठवीत सोडलेली बाई. रिलीज नोट घरात फक्त तिनेच वाचली होती.

तर जानेवारी २०२३ मध्ये मामा केंद्रात दाखल झाला. स्वतःच्या सहीने, पस्तीस दिवसांसाठी. सुरुवातीचे दिवस पुन्हा डिटॉक्स, या वेळी पहिल्या दिवसापासून डॉक्टरांच्या नजरेखाली. आणि खरा कार्यक्रम त्यानंतर सुरू झाला, म्हणजे मागच्या वेळी जिथे आम्ही पुरणपोळ्या केल्या तिथून.

आत काय चालतं याबद्दल माझ्या डोक्यात सिनेमातली दृश्यं होती, गज आणि किंचाळ्या वगैरे. प्रत्यक्षात बरंचसं होस्टेलसारखं होतं. पहाटे उठायचं, व्यायाम, प्रार्थना, आपापली झाडलोट, भांडी. मग गटात बसून बोलायचं, दुपारी समुपदेशकाबरोबर एकट्याने बोलायचं, संध्याकाळी डायरी. मामाला स्वतःची कहाणी लिहून सगळ्यांसमोर वाचून दाखवायला लागली. दहावीनंतर पत्रसुद्धा न लिहिलेल्या माणसाने अकरा पानं लिहिली. मग एक यादी करायची: मी कधी पितो, कुठे पितो, कुणाबरोबर पितो, प्यायच्या आधी अर्धा तास माझ्या मनात काय चाललेलं असतं. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा, या चार गोष्टी रोज स्वतःत तपासायला शिकवतात. मामाच्या यादीत पहिल्या नंबरवर होतं, 'रात्रीचं काम'.

दर आठवड्याला घरच्यांची मीटिंग असायची. मी पुण्यातच, त्यामुळे मामीबरोबर जायचो. तिथल्या ताईंनी गोल बसवून प्रत्येकाला एकच विचारलं, तुम्ही यांच्यासाठी आजवर काय काय केलंत? मामीने सांगितलं: उधाऱ्या फेडल्या, गिऱ्हाइकांना 'ते आजारी आहेत' म्हणून सांगितलं, रात्री दार उघडून जेवण वाढलं. एका आजोबांनी मुलाचे अपघाताचे पैसे भरले होते. एका बाईंनी भाजीतून नवऱ्याला न सांगता गोळी दिली होती.

ताई तिथे थांबल्या. त्या गोळीत बहुतेक वेळा डायसल्फिराम असतं. १९४८ मध्ये कोपनहेगनच्या दोन संशोधकांनी, हॅल्ड आणि याकोबसेन यांनी, ते दारूवरचं औषध म्हणून पुढे आणलं. दारूचं शरीरात जे विघटन होतं ते हे औषध मधल्याच पायरीवर अडवतं, मग अ‍ॅसिटाल्डिहाइड साठतं आणि चेहरा लालबुंद, छातीत धडधड, उलट्या, बीपी एकदम खाली. माहिती असलेल्या माणसाने स्वतःहून, डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतलं तर ते कुंपणासारखं उपयोगी पडतं. पण माहितीच नसलेला माणूस त्यावर नेहमीसारखा प्यायला तर जिवावर बेतू शकतं. आईने लिहून आणलेला तो नंबर मला आठवला.

माझी पाळी आली. मी म्हणालो, मी यांना तीन दिवस कोंडून ठेवलं होतं. कुणी हसलं नाही. ताई म्हणाल्या, "तुम्ही सगळ्यांनी प्रेमानेच केलंय. पण आजाराबद्दल शिकायला फक्त पेशंटनेच यायचं, असं कुठंय?"

मीटिंगनंतर अर्धा तास मामाबरोबर अंगणात बसायला मिळायचं. तिसऱ्या आठवड्यात मी त्याला माझी रीबूटची थिअरी आणि ती कशी चुकली ते सांगत होतो. तो ऐकत होता. मग म्हणाला, "तुला मी मोटार बांधायला शिकवलं की नाही? सांग, जळकी मोटार आली की पहिलं काय करायचं?"

"जळकं वाइंडिंग काढायचं."

"काढलं. खाचा घासून लख्ख केल्या. आता मोटार चालू होईल?"

"नाही. नवीन बांधायला लागेल."

"बांधायचं, कागद घालायचा, कनेक्शन, वार्निश, भट्टीत वाळवायचं. त्याला वेळ लागतो. गिऱ्हाईक घाई करतंय म्हणून ओल्या वार्निशची मोटार दिली तर आठवड्यात परत येती. तुम्ही मला तशीच दिली. काढलं वाइंडिंग आणि सोडली विहिरीत." मग थोडं थांबून, "आणि मेन गोष्ट इसरलास. जळली का? एक फेज गेला असताना चालली? बेअरिंग धरलंय? ते बघितलं नाही तर कितीबी चांगली बांध, परत जळणारच."

डिटॉक्स आणि रिहॅब यातला फरक मी नंतर बऱ्याच ठिकाणी वाचला. यापेक्षा सोपा करून कुणी सांगितलेला नाही.

वाचताना एक जुनी गोष्टही सापडली. १९३४ च्या डिसेंबरमध्ये न्यू यॉर्कच्या टाउन्स हॉस्पिटलमध्ये बिल विल्सन हा शेअर बाजारातला माणूस दारू उतरवण्यासाठी दाखल झाला. तिथे येण्याची त्याची ही पहिली वेळ नव्हती, आधीही तो असाच 'साफ' होऊन घरी गेला होता आणि पुन्हा प्यायला होता. या खेपेनंतर त्याने दारूला हात लावला नाही. पण पाच महिन्यांनी ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावात धंद्याचा सौदा फिसकटला. परकं गाव, हॉटेलची लॉबी, पलीकडे बारमधली गजबज. तेव्हा बारकडे वळण्याऐवजी त्याने फोन फिरवून फिरवून आपल्यासारखाच दुसरा दारूत बुडालेला माणूस शोधून काढला, डॉक्टर बॉब स्मिथ. डॉक्टर बॉबने शेवटचा घोट घेतला तो दिवस १० जून १९३५, आणि तोच अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचा जन्मदिवस मानतात. हॉस्पिटलने बिलचं शरीर सोडवलं होतं. लॉबीतल्या त्या संध्याकाळी काय करायचं, हे कुठलंही सलाइन शिकवू शकत नाही.

आपल्याकडे पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने 'मुक्तांगण' सुरू केलं, हे बहुतेकांना माहीत असतं. निमित्त होतं अनिल अवचटांनी गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या व्यसनावर केलेल्या लिखाणाचं. ब्राउन शुगरचा नियम थोडा वेगळा, हे मला मामाच्या केंद्रातल्या डॉक्टरांनी सांगितलं. ती बंद करताना होणारे हाल भयंकर, पण ते हाल स्वतः सहसा जीव घेत नाहीत. धोका नंतर आहे. डिटॉक्स झाल्यावर शरीराची सवय मोडलेली असते, आणि बाहेर येऊन माणसाने पूर्वीचाच डोस घेतला तर श्वास थांबतो. म्हणजे तिथे तर नुसतं डिटॉक्स करून घरी पाठवणं हे काहीच न करण्यापेक्षाही धोक्याचं ठरू शकतं. म्हणून अनेकांना ब्युप्रेनॉर्फिनसारखं औषध दीर्घकाळ देतात.

प्रत्येकाला भरतीच व्हायला लागतं असंही नाही बरं का. त्रास सौम्य असेल, घरी धड लक्ष देणारं माणूस असेल, तर डॉक्टर ओपीडीतूनही औषधं कमी करत नेतात. पण आधी कधी फिट आली असेल, भास झाले असतील, सकाळी उठल्याउठल्या प्यायला लागत असेल, वय जास्त असेल, लिव्हर किंवा हृदय बिघडलेलं असेल, तर घरी प्रयोग नको. आणि हे ठरवणार डॉक्टर, भाचा नव्हे!

केंद्र निवडतानाही डोळे उघडे ठेवा. आम्ही मामासाठी आधी एक ठिकाण पाहिलं होतं, तिथे 'आमच्याकडे मारून सरळ करतात' हे कौतुकाने सांगण्यात आलं. उठून आलो. व्यसनातून येणारे मानसिक विकार २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात येतात, पेशंटला तिथे हक्क आहेत, मारहाण हा उपचार नाही. विचारायचं एवढंच: नोंदणी आहे का, मानसोपचारतज्ज्ञ येतात का, रात्री त्रास झाला तर काय, घरच्यांना भेटू देता का, आणि बाहेर पडल्यावर पुढे काय? शेवटच्या प्रश्नाला उत्तर नसेल तर ते ओल्या वार्निशवाले.

२०१९ मध्ये केंद्र सरकारचं एम्सने केलेलं सर्वेक्षण प्रसिद्ध झालं. त्यातला एक आकडा माझ्या डोक्यातनं जात नाही. आपल्या देशात दारूवर अवलंबून असलेल्या दर अडतीस लोकांमागे एकालाच कसलीतरी मदत मिळते, आणि भरती होऊन उपचार मिळतात दर एकशेऐंशी जणांत एकाला. बाकीचे? बाकीचे बहुधा माझ्यासारख्या हुशार भाच्यांच्या ताब्यात असतात.

मामाचं पुढे काय झालं? पस्तीस दिवसांनी घरी आला तेव्हा पुरणपोळ्या नव्हत्या, साधी भाकरी-आमटी होती (तसं त्यानेच फोनवर सांगितलं होतं). दुकान आता संध्याकाळी सातला बंद होतं, दारावर पाटी आहे, रात्री मोटार स्वीकारली जाणार नाही. धंदा थोडा कमी झाला, झाला. आठवड्यातून एकदा सांगलीला एएच्या मीटिंगला जातो, ठरलेल्या तारखांना केंद्रात फॉलोअपला येतो.

आणि हो, २०२३ च्या गणपतीत विसर्जनाच्या रात्री तो एकदा प्यायला. ही गोष्ट गाळावी असं मला वाटत होतं, मामाच म्हणाला घाल. फरक इतकाच की दुसऱ्या दिवशी सकाळी कुणी विचारायच्या आत त्याने स्वतः केंद्रात फोन केला आणि मग मामीला सांगितलं. मी पूर्वीसारखा चिडलो नाही. बीपीची गोळी चुकून बीपी वाढलं तर आपण माणसाला नालायक म्हणत नाही. चार दिवस तो केंद्रात जाऊन राहिला आणि यादीत एक ओळ वाढवून आला. त्यानंतर आजपर्यंत नाही. 'सुटली' असं तो म्हणत नाही. विचारलं तर म्हणतो, "आज नाही प्यालो."

आता टपरीवरच्या मित्राचं. त्याला मी त्याच संध्याकाळी सरकारचा १४४४६ हा फुकट हेल्पलाइन नंबर दिला, शिवाय मामाच्या डॉक्टरांचा पत्ता. गुरुवारी सकाळी त्याचा मेसेज आला. कुलूप-किल्लीचा प्लॅन रद्द. सोमवारची रजा तशीच ठेवलीय, बाबांना डॉक्टरकडे घेऊन जायला. बाबा तयार आहेत की नाही ते अजून नक्की नाही. तोपर्यंत त्यांची अचानक बंद करू नका, असं डॉक्टरांनीच फोनवर सांगितलंय. त्याला ते भलतंच विचित्र वाटलं. मला अजिबात वाटलं नाही.

परवा मामाला हे सगळं सांगितलं तेव्हा मागून कसलीतरी घरघर ऐकू येत होती. विचारलं, काय चाललंय? म्हणाला, एक मोटार भट्टीतून काढलीय, टेस्टिंगला लावलीय.

"देऊन टाक की मग. झाली ना?"

"चालू झाली म्हणजे झाली व्हय?" मामा म्हणाला. "बघू, अजून थोडा वेळ चालू दे."